कोतवालावर पहारा कोणाचा?

घाशीराम सावळदास हे नाव आज पुण्याशी जोडले गेले असले, तरी तो मूळचा औरंगाबादचा. उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मणाचे घर, नशीब काढण्यासाठी पुण्यास आलेला, आणि नाना फडणिसांची मर्जी संपादून शहराच्या कोतवालीवर चढलेला. त्याच्या अमलात पुण्यातील चोऱ्या कमी झाल्या असतील. परंतु रात्रीच्या तोफेनंतर रस्त्यावर सापडलेल्या माणसास जाब विचारणारा तोच, कोंडणारा तोच, आणि सोडण्याची किंमत ठरविणाराही तोच होता. १७९१ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस त्याच्या माणसांनी तेलंगी ब्राह्मणांचा एक जथा पकडला व एका कोंदट जागेत डांबला. दार उघडले तेव्हा वीसहून अधिक माणसे गुदमरून मेलेली होती.

या गोष्टीतील पुढचा भागच अधिक विचार करण्याजोगा आहे. हकिगत नानांच्या कानावर गेली तेव्हा आरंभी त्यांनी कोतवालाच्याच शब्दावर भिस्त ठेवली. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्याचाच जबाब प्रमाण! मानाजी फाकडे यांनी कोंडलेली जागा उघडवून प्रेते बाहेर आणविली, ब्राह्मणांचा जमाव नानांच्या दारी जमला, आणि मग मात्र कारभाऱ्यांना कोतवालास पदरी घालता येईना. ३१ ऑगस्ट रोजी शहरभर धिंड काढून घाशीरामास जमावाच्या हवाली करण्यात आले व त्याला दगडांनी ठेचून मारण्यात आले. मोरोबा कान्होबा यांनी १८६३ मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिले, आणि विजय तेंडुलकरांचे नाटक १९७२ मध्ये रंगभूमीवर आले. त्यामुळे घाशीराम सर्वांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी पुण्यात न्याय झाला असे मानणे कठीण. तेथे सूड झाला. कोतवालाविरुद्धची फिर्याद ऐकण्यासाठी कोतवालीच्या बाहेर एखादे आसन असते, तर बंदीगृहाचे दार कदाचित वेळीच उघडले असते आणि दगडांचीही गरज पडली नसती.

असे आसन मागण्याचा इतिहास हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तो पुष्कळसा लहान माणसांचा आणि लहान मंडळ्यांचा इतिहास आहे. अर्ज, पत्रे, सभा, अपिले, अशा साध्या साधनांनी तो घडलेला आहे.

कंपनी सरकारच्या काळात या मागणीचा पहिला मोठा आवाज उठला तो मद्रासेत. गाजुलु लक्ष्मीनरसू चेट्टी यांच्या पुढाकाराने १८५२ मध्ये तेथे मद्रास नेटिव्ह असोसिएशन स्थापन झाली. सारावसुलीसाठी व कबुलीजबाबासाठी रयतेला दिल्या जाणाऱ्या यातनांचे गाऱ्हाणे या मंडळीने थेट विलायतेच्या पार्लमेंटपुढे नेले. परिणामी यातनांची चौकशी करणारे कमिशन नेमले गेले, आणि १८५५ च्या त्याच्या अहवालाने सरकारी नोकरांकडून असा छळ होत असल्याचे मान्य केले. सत्तावनचे बंड शमल्यावर १८६१ चा पोलिसांचा कायदा झाला. मात्र त्याचा नमुना लंडनच्या शिपायाचा नव्हता. सिंधमध्ये नेपियरने आयर्लंडच्या धर्तीवर जे दल उभे केले होते, त्याच घडणीचे हे दल होते. आणि आयर्लंडातील शिपाई हा लोकांचा राखणदार नव्हता, मुलूख ताब्यात ठेवणारा होता. हा फरक लहान नाही.

त्याच वेळी कायद्याने आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पोलीस अंमलदारापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही, असा नियम त्या काळी झाला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात तो पंचविसाव्या कलमात बसला, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या साक्ष अधिनियमातही तो राहिला आहे. म्हणजे ज्या सरकारने पोलिसाच्या हाती दंडुका दिला, त्याच सरकारने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवू नये असे न्यायाधीशास सांगितले. कुंपण शेत खाते हे कायद्याला ठाऊक होते; कुंपणाला जाब विचारण्याची सोय तेवढी त्याने केली नाही.

ती सोय नसली की सत्य बोलणाऱ्याची कशी कोंडी होते, याचा दाखला १८९७ च्या पुण्यात मिळतो. प्लेगच्या झडत्यांसाठी घरोघर शिरणारे लोक पोलीस नव्हते, गोरे सोजीर होते. पण प्रश्न तोच होता. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवरून त्यांनी सोजिरांच्या अत्याचारांचा आरोप तेथील वृत्तपत्रांत केला. मुंबईस परतल्यावर पुरावा मागण्यात आला, तेव्हा एकही साक्षीदार पुढे येईना. गोखल्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. तो डाग त्यांना आयुष्यभर डाचला. साक्षीदार का आले नाहीत हे समजण्यासाठी फार विद्वत्तेची आवश्यकता नाही. ज्याच्याविरुद्ध बोलावयाचे त्याच्याच सावलीत राहावयाचे असेल, तर शहाणा माणूस गप्प बसतो.

पुढे लॉर्ड कर्झनने सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस कमिशन नेमले. १९०२-०३ मध्ये त्याने देशभर साक्षी घेतल्या व पोलीसदल अकार्यक्षम असून लोक त्याला लाचखाऊ व जुलमी समजतात, असा स्पष्ट निष्कर्ष काढला. पगार वाढले, परीक्षा आल्या, गुन्हे शोधण्याची निराळी शाखा आली. फिर्याद मात्र वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडेच करावयाची, ही रीत कायम राहिली.

जालन्याचा मुलूख या सर्व काळात इंग्रजी कायद्याखाली नव्हता. तेथे निजामाचा अंमल होता. सर सालारजंगांच्या १८६५ च्या जिलाबंदीनंतर जिल्ह्याजिल्ह्यांत कोतवाली खाते उभे राहिले. ठाण्यावर अमीन बसला, त्याच्यावर मोहतमीम आला. संस्थानी प्रजेला अर्ज करण्याची मुभा होती, पण सभा भरविण्याची परवानगी मिळविणे हेच एक संकट असे. शेवटच्या वर्षांत रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला तेव्हा तर गावकऱ्याने ठाण्यावर जावे की ठाण्यापासून पळावे, असा पेच पडे. सप्टेंबर १९४८ मध्ये हिंदी फौजा आल्या, औरंगाबाद व पाठोपाठ जालना त्यांच्या ताब्यात आले, आणि ती राजवट संपली. या कारवाईला नाव मिळाले ‘पोलीस ॲक्शन’.

मुक्तीचा तो आनंद खराच होता. त्याला लागूनच एक काळोखी बाजूही होती. कारवाईच्या वेळी व नंतर संस्थानातील मुसलमान वस्तीवर जे बेतले, त्याची पाहणी करण्यासाठी पंडित नेहरूंच्या इच्छेवरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री हे हैदराबाद संस्थानात हिंडले. मृतांची संख्या सत्तावीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान असावी असा त्यांचा अंदाज होता, आणि काही ठिकाणी लष्करातील व पोलिसांतील माणसांचाही हात असल्याचे त्यांनी लिहिले. हा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांच्या जुलमाची आठवण मराठवाड्यात घरोघर सांगितली गेली, ते योग्यच होते. नंतरच्या जुलमाची फिर्याद कपाटात राहिली. घडलेली गोष्ट मान्य करावयास सरकार कोणतेही असो, त्याची जीभ जड होते.

स्वराज्यात १९५१ चा मुंबई पोलीस कायदा झाला. १९५६ च्या पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर त्याचा अंमल पुढे येथेही सुरू झाला. गणवेशावरील मुकुट जाऊन अशोकस्तंभ आला. ठाण्याचे अंतरंग फारसे बदलले नाही.

या विषयाला देशव्यापी वळण देणारा खटला महाराष्ट्राच्याच एका कोपऱ्यात घडला. २६ मार्च १९७२ च्या रात्री त्या वेळच्या चांदा जिल्ह्यातील देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी, मजुरी करणाऱ्या, अल्पवयीन मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. मथुरा या नावाने तो खटला ओळखला जातो. सेशन्स न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले. नागपूरच्या खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली. आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरविले. मुलीने आरडाओरडा केला नाही, तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तेव्हा तिची संमती असावी, असा त्या निकालाचा आशय होता. रात्री ठाण्याचे दार आतून बंद, दिवा मालवलेला, बाहेर नातेवाईक उभे, आणि आत शिपाई! अशा वेळी ओरडावे कोणाकडे पाहून, हा प्रश्न न्यायासनास पडला नाही.

तो प्रश्न चार कायद्याच्या प्राध्यापकांना पडला. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर यांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांस उद्देशून एक उघडे पत्र लिहिले. त्यात आर्जव होते, पण भीड नव्हती. शरण जाणे आणि संमती देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी सर्वोच्च न्यायासनास समजावून सांगितले. पत्राने निकाल बदलला नाही. मात्र ते पत्र हातोहाती फिरले. मुंबईत १९८० मध्ये स्त्रियांची एक संघटना याच प्रश्नावर उभी राहिली. त्या वर्षीच्या ८ मार्चला अनेक शहरांत मोर्चे निघाले. आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतील बलात्कार हा निराळा व अधिक गंभीर गुन्हा ठरला, आणि संबंध घडल्याचे सिद्ध झाले व स्त्रीने संमती नसल्याचे सांगितले, तर संमती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, असा नियम झाला. त्या मुलीला स्वतःला यातून काही मिळाले नाही, ही या यशाची बोचरी बाजू आहे.

याच सुमारास आणीबाणीच्या अनुभवाने पुष्कळांचे डोळे उघडले होते. सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती, हे जयप्रकाशजींबरोबर १९७६ मध्ये नागरी स्वातंत्र्याच्या संघटनेत उतरले आणि पुढे आंध्रातील पोलीस चकमकींच्या चौकशीसाठी नेमलेल्या नागरिकांच्या समितीचे अध्यक्ष झाले. न्यायमूर्तीचे आसन सोडलेल्या माणसाने खेड्यापाड्यांत साक्षी घेत हिंडावे, ही त्या काळची अपूर्वाईच. सरकारनेही १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. १९८१ पर्यंत त्याने आठ अहवाल दिले. ते वाचणाऱ्यांस चांगले वाटले. अमलात आणणाऱ्यांस मात्र त्यांसाठी सवड झाली नाही.

अशा स्थितीत पुन्हा एका पत्राने काम केले. बंगालातील कायदेविषयक साहाय्य देणाऱ्या संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी २६ ऑगस्ट १९८६ रोजी वृत्तपत्रांतील कोठडीमृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना पत्र धाडले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. दहा वर्षांनी, १८ डिसेंबर १९९६ रोजी, निकाल लागला आणि अकरा आज्ञा झाल्या: अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या वा गावातील प्रतिष्ठित माणसाची सही हवी, नातेवाईकास कळविले पाहिजे, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, इत्यादी. पुढे यांतील बराच भाग फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आला. ठाण्याच्या भिंतीवर या आज्ञांची पाटी लावलेली असते. ती वाचण्याची मनःस्थिती त्या वेळी त्या माणसाची असते की नाही, हा भाग निराळा.

त्याच १९९६ साली, उत्तर प्रदेश व आसामच्या पोलीसदलांचे प्रमुख राहिलेले प्रकाश सिंह हे सर्वोच्च न्यायालयाच्या पायरीवर उभे राहिले. त्यांच्या जोडीस एन. के. सिंह हे दुसरे पोलीस अधिकारी आणि एच. डी. शौरी यांची ‘कॉमन कॉज’ ही संस्था होती. पोलीस सुधारणेची मागणी स्वतः पोलिसाने करावी यात विसंगती काहीच नाही. बदलीच्या एका कागदाने मंत्री ज्याला रातोरात हलवू शकतो, तो अधिकारी कायद्यापेक्षा मंत्र्याच्या भिवईकडेच अधिक पाहणार. शिपायाची अवस्था तर विचारू नये. बारा-बारा तासांची पाळी, बंदोबस्तात गेलेले सणवार आणि गळकी वसाहत. मुंबईतील देवनार ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तोही एका शिपायाने वरिष्ठांस लिहिलेल्या सूचनेवरून. दमलेल्या, अपमानित माणसाच्या हाती काठी देणे धोक्याचे असते, हे सुधारणावाद्यांनी कधी नाकारलेले नाही.

२२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल झाला. न्यायालयाने सात आज्ञा दिल्या. राज्य सुरक्षा आयोग, पोलीसप्रमुखास किमान दोन वर्षांची मुदत, तपास व बंदोबस्त यांची फारकत, बदल्यांसाठी मंडळ, आणि प्रस्तुत विषयास सर्वांत महत्त्वाची म्हणजे पोलीस तक्रार प्राधिकरणे. ही प्राधिकरणे दोन पायऱ्यांची सांगितली होती. पोलीस अधीक्षक व त्यावरील अधिकाऱ्यांसाठी राज्याचे, आणि उपअधीक्षकापर्यंतच्यांसाठी जिल्ह्याचे. जिल्ह्याच्या प्राधिकरणावर निवृत्त जिल्हा न्यायाधीश बसावा. कोठडीतील मृत्यू, जबर दुखापत, बलात्कार, तसेच खंडणी, घरजमीन बळकावणे व अधिकाराचा गंभीर गैरवापर यांच्या तक्रारी त्याने ऐकाव्यात. आणि त्याची शिफारस बंधनकारक असावी. घाशीरामाच्या पुण्यात जे आसन नव्हते, ते दोनशे पंधरा वर्षांनी निदान कागदावर तरी मांडले गेले.

राज्यांनी या आज्ञांचे काय केले, ही कथा लांबट आणि उदास आहे. ३१ डिसेंबर २००६ ही मुदत होती. महाराष्ट्राने आपला कायदा सुधारला तो २०१४ मध्ये. त्यात राज्य प्राधिकरण आले. पण ‘जिल्हा’ हा शब्द गळला आणि त्या जागी ‘विभाग’ बसला. कायद्यात असे लिहिले गेले, तरी प्रत्यक्ष कचेऱ्या उघडण्यास आणखी काही वर्षे गेली. ‘जिल्हा’ व ‘विभाग’ यांतील अंतर मंत्रालयाच्या नकाशावर बोटभरच दिसते. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला तोच मुळी औरंगाबादची कचेरी लांब पडते, कारभार लोकांच्या जवळ यावा, या विचाराने. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके औरंगाबादेतून आणि परतूर परभणीतून काढून तो जुळविला. महसुलासाठी, न्यायदानासाठी, खुद्द पोलीस अधीक्षकासाठी जिल्हा जवळ आला. पोलिसाविरुद्धच्या फिर्यादीस मात्र विभागाचीच वाट दाखविली गेली.

या जिल्ह्याला त्या वाटेची गरज भासली नाही असे नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये जालना शहरातील एका रुग्णालयात एका तरुणास पोलिसांनी काठ्यांनी झोडपले. कारवाई झाली ती सुमारे दीड महिन्यानंतर, भ्रमणध्वनीवरील चित्रफीत गावोगाव फिरल्यावर. तेव्हा पोलीस निलंबित झाले. चित्रफीत नसती तर काय, याचे उत्तर देणे अवघड नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्र टिपणारे कॅमेरे लावावेत व चित्रण अठरा महिने जपावे असे सांगितले आहे. आणि ऐन वेळी कॅमेरा बंद होता, ही सबबही न्यायालयांनी त्यानंतर पुष्कळदा ऐकली आहे.

मग १ सप्टेंबर २०२३ उजाडला. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी या गावी मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी २९ ऑगस्टपासून उपोषणास बसले होते. त्या दिवशी पोलिसांनी जमावावर लाठीमार केला, अश्रुधुराची नळकांडी फोडली. बायाबापड्या, म्हातारी माणसे जखमी झाली. पोलीसही जखमी झाले, आणि आधी दगड आले की आधी लाठी पडली यावर दोन बाजूंच्या दोन कथा झाल्या. राज्यभर बंद पुकारले गेले, बसगाड्या जळाल्या. तीन दिवसांच्या आत जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांस सक्तीच्या रजेवर धाडण्यात आले, आणि ४ सप्टेंबर रोजी गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सरकारच्या वतीने क्षमा मागितली.

गृहमंत्र्याने लाठीमाराबद्दल क्षमा मागावी ही या राज्यात विरळा गोष्ट, आणि ती झाली हे बरेच झाले. तथापि, ती कशाच्या जोरावर झाली? त्या लाठीमागे लाखोंचा समाज उभा होता, निवडणुका दूर नव्हत्या, चित्रवाणीचे कॅमेरे गावात होते. चौकशीचे काम प्रथम सोपविण्यात आले ते अपर पोलीस महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच. जरूर पडल्यास न्यायालयीन चौकशी करू, असे मुख्यमंत्र्यांनी सांगितले. नानांच्या वाड्यासमोरील जमाव आणि हा जमाव यांत दोन शतकांचे अंतर आहे, सुदैवाने दगडांनी ठेचण्याची शिक्षाही आता नाही. पण दोन्ही वेळी कारभाऱ्याचे कान उघडले ते जमावाने. ज्याच्या मागे जमाव नाही, अशा पारध्याच्या, भूमिहीन मजुराच्या, रात्री ठाण्यात बसवून ठेवलेल्या पोराच्या आईच्या फिर्यादीसाठी प्राधिकरण मागितले गेले होते.

अशी एखादी आई मंठा तालुक्यातील असेल, तर तिने पहाटेची बस धरावी, जालन्यास उतरावे, अधीक्षकांची कचेरी, जिल्हा न्यायालय व जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी ही तिन्ही मागे टाकून दुसरी बस पकडावी. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे विभागाचे ठाणे तिच्या गावाहून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. एका दिवसाची मजुरी बुडते, तारीख पडली तर दुसरीही. आणि परतताना बस ज्या ठाण्यावरून जाते, ते तिच्या ओळखीचे असते.